नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गुजरातच्या कापूसबाजारात ‘शंकर-६’ हे नाव ठाऊक नसलेला व्यापारी मिळणे कठीण. परप्रांतातून आलेल्या माणसास हे नाव कुणा शिवभक्ताने ठेवले असावे असेच वाटेल. वस्तुतः त्याचा कैलासाशी काही संबंध नाही. १९७० साली सुरतेच्या कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी ‘हायब्रीड-४’ हे वाण सिद्ध केले. व्यापारी प्रमाणावर लागवडीस आलेला जगातील तो पहिला संकरित कापूस. गुजरातीत त्याला ‘संकर-४’ म्हणू लागले, पुढील वाणांनाही तोच शब्द लागला, आणि रोमन लिपीतून व दलालांच्या जिभेवरून जाता जाता ‘संकर’चा ‘शंकर’ झाला.

या शब्दाचे भाग्य पाहण्यासारखे आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ज्या भयांची यादी श्रीकृष्णापुढे ठेवतो, त्यांत वर्णसंकर हे एक मोठे भय आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर संकराचे एक संपूर्ण कोष्टकच मांडलेले आढळते. पिता अमुक वर्णाचा व माता तमुक वर्णाची असेल तर संततीस सूत म्हणावे, दुसऱ्या जोडीच्या संततीस मागध, तिसऱ्या जोडीच्या संततीस चांडाळ. आणि ज्याचे जे नाव, त्याला तो व्यवसाय व ती वस्तीची जागा. हजारो वर्षे माणसांच्या संदर्भात ज्या शब्दाने अंगावर काटा यावा, तोच शब्द शेतात शिरताच प्रतिष्ठित झाला आणि बाजारात पोचताच देवाच्या नावाने मिरवू लागला.

मात्र शेतातून तो माणसांकडे परत आला तेव्हा पुन्हा शिवी होऊनच आला. १९६० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रात संकरित ज्वारी आली. खळे भरले, दुष्काळात पोटाला आधार झाला. पण त्याच सुमारास ‘हायब्रीड’ हा शब्द खेड्यापाड्यांतील जाणत्या माणसांच्या तोंडी तरुण पिढीसाठी येऊ लागला. दिसायला टपोरी, पण कस नसलेली, चार पोती उचलली की धापा टाकणारी पोरे म्हणजे ‘हायब्रीड’. याच्या उलट शब्द ‘गावठी’. त्याची गंमत अशी की भाजी, कोंबडी वा अंडे गावठी असेल तर आपण दोन पैसे अधिक मोजतो, आणि माणूस गावठी असेल तर त्याला बैठकीत मागच्या रांगेत बसवतो. म्हणजे कृत्रिम ठरविले तरी शिवी आणि नैसर्गिक ठरविले तरी शिवी! तेव्हा या शब्दांचा जीवशास्त्राशी संबंध बेताचाच असावा, असा संशय घेण्यास जागा आहे.

आपल्या भाषेने हा संशय एका वाक्प्रचारात कधीचाच नोंदवून ठेवला आहे. ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारसे. आणि त्याच नावाचे अनेकवचन करून ‘नावे ठेवणे’ म्हणजे निंदा. माणसाचा जन्म कसा झाला यावरून त्याला एखादे नाव पडते, तेव्हा ते या दोहोंपैकी काय असते? आणि ते नाव पुढे त्याच्याकडून काय करवून घेते, किंवा त्याच्याविषयी इतरांना काय करू देते?

पाश्चात्त्य विज्ञानकथेने या प्रश्नाचा पाठपुरावा चिकाटीने केला आहे. ज्यांची जडणघडण प्रयोगशाळेत झाली, ज्यांचे जनुक कुणीतरी मुद्दाम बदलले, अशा माणसांची कल्पना केली की लेखकाला त्यांच्यासाठी दोन शब्द शोधावे लागतात: एक सरकारी कागदावरचा आणि एक रस्त्यावरचा. ‘रोबो’ हा शब्दच पाहा. कारेल चापेक यांनी १९२० साली लिहिलेल्या नाटकातले रोबो लोखंडी नव्हते. ते कारखान्यात सजीव द्रव्यापासून घडविलेले मनुष्यसदृश प्राणी होते, आणि ज्या चेक शब्दावरून हे नाव आले त्याचा अर्थ वेठ, सक्तीची मजुरी. आपण तेव्हाच भाषांतर केले असते तर त्यांना ‘वेठबिगार’ म्हटले असते. अल्डस हक्सलीच्या १९३२ मधील कादंबरीत माणसे बाटल्यांतून जन्मतात व अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत ग्रीक अक्षरांनी ओळखली जातात. पण त्या समाजात उच्चारायला लाज वाटावी असा शब्द कोणता, तर ‘आई’. ‘ब्लेड रनर’ या १९८२ मधील चित्रपटात जनुकीय कारागिरीने बनविलेल्या माणसांना कागदोपत्री ‘रेप्लिकंट’ म्हणतात, आणि पोलीस अधिकारी त्यांना ‘स्किन जॉब’ म्हणतो. वर नुसती कातडी, आत कोणी नाही, असा त्या शिवीचा भाव. त्यांना ठार करण्याला तिथे ‘निवृत्त करणे’ म्हणतात. (आपल्याकडे ‘एन्काउंटर’ या निरुपद्रवी इंग्रजी शब्दाचे काय झाले ते वाचक जाणतातच.)

१९९७ सालच्या ‘गॅटाका’ या चित्रपटात तर बाण उलटा फिरला आहे. तेथे जनुके निवडून जन्मलेली मुले ‘व्हॅलिड’, आणि आईबापांनी दैवावर हवाला ठेवून जन्माला घातलेली मुले ‘इन-व्हॅलिड’. या इंग्रजी शब्दात आजारी आणि अवैध असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत असा श्लेष साधणार नाही, परंतु ‘अवैध’ हा शब्द आपण दारूला, बांधकामाला आणि संततीला सारख्याच सहजतेने लावतो, हेही विसरून चालणार नाही.

मराठी विज्ञानकथेत मला यंत्रमानव पुष्कळ भेटले, परग्रहवासीही भेटले. पण बदललेल्या माणसाला हिणविणारा असा खास मराठी शब्द मात्र भेटला नाही. नाव बाजूला ठेवण्याचे महत्त्व या वाङ्मयप्रकाराला आपल्याकडे ठाऊक नव्हते असे नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली पहिली विज्ञानकथा पाठविली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. आपल्या नावाच्या वलयाने परीक्षकांचे डोळे दिपू नयेत म्हणून. शिवीचा शब्द आपल्या कथाकारांना घडवावा लागला नाही, याचे कारण, मला वाटते, निराळेच आहे. तसल्या शब्दांची कोठारे आपल्याकडे आधीच भरलेली होती.

कर्णाचेच उदाहरण घ्या. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला कर्णाविषयी नव्याने काही सांगावे असे नाही. तरीही एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. महाभारतात जन्मतःच बदललेले शरीर घेऊन आलेल्या माणसांपैकी तो एक. अंगावर कवच, कानांत कुंडले. ती उपजत, त्याच्या देहाचाच भाग. (आमच्या पूर्वजांना जनुकशास्त्र अवगत होते असे मी सुचवीत नाही, आणि तसे कुणी सुचविल्यास माझी सही घेऊ नये.) शरीर असे असामान्य, आणि शिवी कोणती? ‘सूतपुत्र’. ती त्या शरीराविषयी काहीच सांगत नाही. इतकेच काय, वस्तुस्थिती म्हणून ती खोटीही आहे. पण रंगभूमीवर अर्जुनाशी दोन हात करण्यास तो उभा राहतो तेव्हा कृपाचार्य कुल विचारतात, आणि अधिरथ समोर येताच भीम म्हणतो की तू हाती चाबूक घे. त्या शब्दाने कर्णाचे वर्णन होत नाही, त्याला काय करू द्यायचे नाही याचा निवाडा होतो. दुर्योधनाने त्याला तत्काळ अंगदेशाचा राजा केले, ते दुसरे बारसे. ते अर्धेच लागू पडले, हे पुढच्या कथेवरून दिसते.

दुसऱ्या बारशाची गोष्ट बडोद्यात सांगताना दूर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. ‘दत्तक’ हा एक शब्द जन्माला वळसा घालून गादीपर्यंत पोचला, आणि त्या शब्दाने या नगरीचे किती भले केले ते वेगळे सांगायला नको. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली एक तरुण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेला व १९१७ साली संस्थानच्या सेवेत रुजू व्हायला बडोद्यात आला. त्याला राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून त्याने काही दिवस काढले. खरे कळताच काठ्या घेतलेला जमाव दारात आला. शिक्षणाने माणूस जितका बदलू शकतो तितके डॉ. आंबेडकर बदलून आले होते. त्यांच्या जन्मावरून पडलेला शब्द मात्र जागचा हलला नव्हता. महाराजांची इच्छा, राजाज्ञा, विद्यापीठाची पदवी हे सारे त्या एका शब्दापुढे थिटे पडले. गोपाळरावांना जे नाव मिळाले त्याला मान्यता देणारी सत्ता होती, दरबार होता, इंग्रज सरकार होते. आंबेडकरांच्या बाबतीत ती मान्यता गल्लीने द्यायची होती, आणि गल्लीने ती नाकारली.

कुणी म्हणेल, हा पुराणातला वा समाजरूढीचा प्रश्न झाला. कायद्याच्या राज्यात असे होत नाही. त्यावर १८७१ सालचा ‘गुन्हेगार जमाती कायदा’ हे उत्तर आहे, आणि मला तो कोणत्याही विज्ञानकथेपेक्षा अधिक भयंकर वाटतो. या कायद्याची कल्पना अशी की काही जमातींत गुन्हेगारी हा पिढीजात धर्म आहे. म्हणून गुन्हा घडण्याची वाट न पाहता ती जमातच अधिसूचित करावी. एकदा नाव यादीत चढले की ठरल्या वेळी पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, पुढे पुढे तारेच्या कुंपणाआड वसाहत. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. अहमदाबादेत छारा लोकांची होती. जनुक हा शब्दही तेव्हा जन्मलेला नव्हता, पण गुन्हा रक्तातून उतरतो ही समजूत कलमे पाडून कायद्यात लिहिली गेली होती. पाळण्यातल्या मुलाचे नाव त्याची आई ठेवीत असेल ते असेल. सरकारने त्याच्या जन्मापूर्वीच ठेवलेले नाव अधिक पक्के होते.

या कायद्याची परिभाषा पाहिली तर तीत शिवी सापडत नाही. ‘अधिसूचित’, ‘नोंदणी’, ‘सुधारणा’, ‘वसाहत’ असे सगळे सभ्य शब्द. येथे मला काझुओ इशिगुरोंची २००५ मधील ‘नेव्हर लेट मी गो’ ही कादंबरी आठवते. तीत अवयव काढून घेण्यासाठीच वाढविलेल्या माणसांना कुणी वाईट बोलत नाही. त्यांना ‘दाते’ म्हणतात, आणि ते मेले की ‘पूर्ण झाले’ असे म्हणतात. रस्त्यावरची शिवी निदान आपण शिवी आहोत हे लपवीत नाही. तिला उत्तर देता येते, प्रसंगी दगडही उचलता येतो. सभ्य शब्दाला कसले उत्तर देणार? म्हणून अशा शब्दांची परीक्षा ते कानाला किती बोचतात यावरून करू नये. तो शब्द लागल्यावर त्या माणसाचे कोणते दार बंद होते आणि इतरांना त्याच्या बाबतीत काय करण्याची मुभा मिळते, ते पाहावे. ‘हायब्रीड’ म्हटल्याने तरुण पोराचे मन दुखते, दार कोणतेही बंद होत नाही. ‘अधिसूचित’ म्हटल्याने जमातीच्या पिढ्यान् पिढ्या कुंपणाआड गेल्या.

१९५२ साली तो कायदा देशभर रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. नवे नाव सुंदर आहे. पण कशापासून मुक्त हे सांगताना जुने नाव पुन्हा उच्चारावेच लागते, ही त्यातली मेख. १९९८ साली आपल्याच बडोद्यात महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड प्रभृतींनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली, ती स्वातंत्र्याला पन्नास वर्षे उलटून गेल्यावर. त्याच वर्षी पुरुलियात बुधन शबर कोठडीत मरण पावला होता. अहमदाबादच्या छारा तरुणांनी त्याच्यावर नाटक बसविले आणि आपल्या मंडळाला त्याचेच नाव दिले. ज्यांनी त्याला कधी पाहिले नव्हते, ज्यांची भाषा निराळी, त्यांनी त्याचे नाव घेतले, कारण दोघांना चिकटलेला शब्द एकच होता.

लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले. त्याआधी १९८० साली लक्ष्मण माने यांनी ‘उपरा’ लिहिले होते. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ज्या शब्दांनी हाकलले जाई ते शब्द ग्रंथालयांच्या कपाटांत सन्मानाने उभे राहिले. शिवी स्वतःच्या छातीवर लावून घेतली की तिची नांगी मोडते, असे यावरून म्हटले जाते. मला हे पुरते मान्य नाही. मुखपृष्ठावरचा ‘उचल्या’ हा शब्द लेखकाने निवडला आहे. ठाण्याच्या डायरीतला तोच शब्द फौजदाराने निवडला आहे. पहिल्याने दुसरा खोडला जात नाही. वाचकाच्या मनात मात्र पहिला वाचल्यावर दुसरा पूर्वीसारखा निर्धास्त राहत नाही. साहित्याकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे म्हणजे साहित्यावर पोलिसांचे काम सोपविणे होय.

आता जनुकांचा प्रश्न खरोखरीच दाराशी आला आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात चीनमधील एका शास्त्रज्ञाने गर्भावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. त्याला पुढे तीन वर्षांची कैद झाली. मुलींची खरी नावे जगाला ठाऊक नाहीत. ‘लुलू’ आणि ‘नाना’ ही टोपणनावे आहेत. वृत्तपत्रांनी ‘डिझायनर बेबी’ हा शब्द तत्परतेने वापरला. त्या मुली आज शाळेत जाण्याच्या वयाच्या आहेत, आणि निनावीपणा हेच त्यांचे कवच आहे.

पण चीनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. बडोदे जिल्ह्यातूनच २०१३ साली वेगळा झालेला छोटा उदेपूर जिल्हा, तिकडे महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली. या सगळ्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एका जनुकात एका अक्षराचा फरक, एवढेच त्याचे मूळ. आईबाप दोघांकडून ते अक्षर आले तर मूल आजारी. एकाकडूनच आले तर मूल ‘वाहक’. वाहकास सहसा काही त्रास होत नाही. उलट मलेरियापासून त्याचे काही अंशी रक्षण होते, आणि म्हणूनच तापाच्या जंगलांत हे जनुक टिकून राहिले. तेही एक उपजत कवचच.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट, आणि चाळीस वर्षांखालील सात कोटी लोकांची तपासणी हा तिचा पहिला टप्पा. तपासणीनंतर हाती कार्ड येते, आणि लग्न ठरविताना कुंडल्यांऐवजी ही कार्डे जुळवा असे सांगितले जाते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते, आणि त्या मुलाच्या हाडांतल्या कळा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कार्डाचे मोल सांगावे लागत नाही. नावे नकोत, कार्डे नकोत, असे बोलण्याची चैन त्या आईला परवडणारी नाही. येथे नाव न ठेवणे हीच निष्ठुरता ठरते.

आणि तरीही ज्या भूमीत शब्द जातीसारखे चिकटतात त्या भूमीत हे कार्ड वाटले जात आहे. ‘वाहक’ हा शब्द दोन कार्डे शेजारी ठेवताना उपयोगी आहे. एकच कार्ड पाहून मुलगी नाकारली गेली की त्याच शब्दाचा सूतपुत्र होतो. जोडीविषयीची माहिती एका व्यक्तीचा दोष बनायला कितीसा वेळ लागतो? त्यातही नकार मुलीलाच अधिक यायचा, हे आपल्या समाजाची रीत जाणणाऱ्याला निराळे सांगायला नको. वाहक पुरुषाचा वाहक नसलेल्या स्त्रीशी विवाह झाला तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही, हे वाक्य कार्डावरच्या ‘वाहक’ या शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत गावोगाव लिहिले गेले पाहिजे, आणि त्या पुरुषाच्या जागी स्त्री घालून पुन्हा एकदा लिहिले पाहिजे.

दरम्यान औषध आले आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने सिकलसेलवरील जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी विकसित केलेला तशाच जातीचा उपचार जाहीर झाला, आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्याचे ठरले. त्याला नाव दिले आहे ‘बिरसा-१०१’. ज्या बिरसा मुंडांना इंग्रजांनी तुरुंगात घातले, त्यांच्या नावाने आदिवासींच्या रक्तातले अक्षर दुरुस्त व्हायचे आहे. ठेवणाऱ्याने नाव चांगले ठेवले.

या जातीच्या उपचारात रोग्याच्या अस्थिमज्जेतील पेशी बाहेर काढून त्यांत बदल करतात व त्या परत देतात. त्यामुळे रक्त सुधारते. पण बीजपेशी जशा होत्या तशाच राहतात. म्हणजे उद्या तेजगड वा धडगावच्या एखाद्या तरुणावर हा उपचार झाला, तर तो स्वतः निरोगी असेल आणि त्याच्या प्रत्येक अपत्याला ते जुने अक्षर मिळणारच असेल. त्याचे शरीर प्रयोगशाळेत बदललेले असेल, विज्ञानकथेतल्या कुठल्याही माणसाइतके. त्याला ‘रुग्ण’ म्हणता येणार नाही, ‘वाहक’ म्हणणे अपुरे पडेल, ‘निरोगी’ म्हटले तर सोयरिकीत फसवणूक झाली असा ओरडा होईल. आरोग्यकेंद्रातील परिचारिकेला मात्र त्या दिवशी त्याच्या कार्डावर काहीतरी लिहावेच लागेल, आणि ती जो शब्द लिहील तो गावात पोचायला संध्याकाळही व्हावी लागणार नाही.